पैशाचाही पैरा

रोपलावणीच्या दिवसांत वेदगंगेच्या खोऱ्यात अजून पैरा चालतो. आज तुमच्या खाचरात दहा माणसे, उद्या माझ्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही, पण कोणाच्या घरची किती माणसे किती दिवस आली हे घरोघरच्या बायकांना तोंडपाठ असते आणि ते चुकत नाही. पैरा बुडवणाऱ्याचे नाव गावात किती वर्षे लक्षात राहते, हे गारगोटीच्या बाजारात कोणालाही विचारून पाहा.

जमीन टिकवणाऱ्या शेतीसाठी पैसा कुठून आणायचा, असे विचारत शेतकऱ्यांचे गट येतात, तेव्हा मी त्यांना आधी हा पैरा आठवायला सांगतो. योजना पुष्कळ आहेत आणि त्यांची ओळख पुढे येईलच. नवी पद्धत अडते ती पहिल्या हंगामाला. त्या हंगामात उत्पन्न घटले तर ती तूट कोणाच्या घरात जाणार, हे आधी ठरलेले नसते. चाळीस गुंठ्यांचा धनी दहा गुंठे प्रयोगाला देतो, तेव्हा त्याने वर्षाच्या कमाईचा चौथा हिस्सा डावाला लावलेला असतो. त्याला ‘तो सुधारायला तयार नाही’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. म्हणून गटाने पैसा उभारताना सर्वांत आधी या तुटीची सोय, पैऱ्यासारखी सगळ्यांनी मिळून, करावी. अवजार, पाइप, शेड हे सगळे त्यानंतर.

आधी एकच पद्धत निवडा. आपल्या भुदरगड तालुक्यात नदीकाठाला ऊस, वर डोंगराकडे भात आणि नाचणी. ऊसवाल्या गावाने पाचटापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. तोड झाली की आपण काडी लावतो आणि मग सेंद्रिय खत विकत आणायला निघतो. पाचट सरीत ठेवले, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले, बुडखे जमिनीलगत छाटले, की खोडव्याला ओल टिकते, भांगलण कमी होते आणि मातीत कर्ब जातो. हे ऐकलेले नाही असा शेतकरी सापडणार नाही. तरी काडी लागते, कारण कुट्टी करणारे यंत्र एकट्याला परवडत नाही, पाचटात पाणी पुढे सरकत नाही अशी धास्ती असते आणि शेजारच्याने पेटवले की आग बांध ओलांडून येते. या तिन्ही अडचणींना एकट्यापाशी उत्तर नाही. एका सलग पट्ट्यातल्या वीस जणांपाशी आहे.

भातवाल्या गावाला दुसरी वाट आहे. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर भात टोकतात. चिखलणी नाही, रोपलागण नाही आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच राहतात. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी तर विना नांगरणीची शेती वर्षानुवर्षे स्वतःच्या रानात करून मग तिच्यावर लिहिले. मुळे आणि धसकटे जागेवर कुजली की जमिनीतले जिवाणू कसे पोसले जातात, हे त्यांचे मुख्य सांगणे. धूळवाफ पेरणी आणि टोकण आपल्या भागाला नवी नाही, त्यामुळे ही उडी वाटते तितकी मोठी नाही. मात्र सगुणा तंत्रात तणाचा बंदोबस्त हा कळीचा भाग आहे आणि तिथे तणनाशकाचा प्रश्न येतो. नैसर्गिक शेतीच्या अनुदानात जायचे असेल तर हे तंत्र जसेच्या तसे चालणार नाही. दोन्ही एकाच अर्जात कोंबू नका.

एकत्र पैसा घालून जमीन सावरल्याचे उदाहरण आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात आहे आणि ते जाऊन पाहावे. शिरोळ तालुक्यात पाणी आणि खताच्या अतिवापराने जमिनी क्षारपड झाल्या, पांढऱ्या पडल्या. उपाय ठाऊक होता: जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून खारे पाणी बाहेर काढायचे. पण पाइपातले पाणी सोडायचे कुठे? खालच्या शेतकऱ्याच्या रानातून मुख्य लाइन गेल्याशिवाय वरच्याची जमीन सुधारत नाही. एकट्याने कितीही पैसा ओतला तरी हे काम होत नाही. श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने यात हात घातला. शेतकऱ्यांच्या संस्था झाल्या, बँकेचे कर्ज मिळाले, तांत्रिक बाजू सांभाळली गेली आणि ऊस पुन्हा उभा राहील त्या भरवशावर कर्जफेड बसवली. हजारो एकरांवर हे काम पोहोचले. यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की बँकेला एकेकट्या सातबाऱ्यापेक्षा सगळा पट्टा आणि त्यामागे उभा असलेला कारखाना दिसला. तारण जमिनीचे असले तरी विश्वास एकीचा होता.

दुसरे उदाहरण तर तालुक्यातलेच, पाटगावचे. महाबळेश्वरजवळच्या मांघरनंतर राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाने पाटगाव ‘मधाचे गाव’ म्हणून उभे केले आणि २०२३ मध्ये केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या सर्वोत्तम पर्यटन ग्राम स्पर्धेत त्याला कांस्य गटात स्थान मिळाले. मंडळाच्या मध केंद्र योजनेत निम्मे अनुदान आणि निम्मी स्वतःची गुंतवणूक असते, आधी प्रशिक्षण मिळते आणि मधाच्या खरेदीची हमी असते. हा क्रम लक्षात घ्या. शिकवणे, अर्धा वाटा आणि विक्रीची हमी हे तिन्ही एकाच दाराने आले, म्हणून मधमाश्यांच्या पेट्या अडगळीत गेल्या नाहीत. सातेरी माशी जगायची तर आसपासच्या काजूवर आणि भाजीवर फवारणी बेताने करावी लागते. गावात मध आला की औषध कमी मारण्याचे कारण आपोआप घरात येते.

आता पैसा कुठे आहे ते पाहू.

सर्वांत जवळचा पैसा गावातल्या विकास संस्थेत आहे. केंद्राचे तीन टक्के आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत धरून, तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडते. प्रयोगाच्या प्लॉटचा चालू खर्च यातूनच करावा, सावकाराकडे किंवा दुकानदाराच्या उधारीवर जाऊ नये. संस्था स्वतः अवजारे भाड्याने देण्याचे केंद्र किंवा गोदाम काढणार असेल, तर २०२० पासूनच्या कृषी पायाभूत सुविधा निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे तीन टक्के व्याज सवलत आहे. विकास संस्था यासाठी पात्र आहेत, शेतकरी कंपन्याही. निधीची मुदत ठरलेली असते, म्हणून जिल्हा बँकेच्या शाखेत चालू वर्षाची स्थिती विचारूनच आराखडा करा.

ठिबकासाठी महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य मिळून अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान बसते. पण हे टक्के सरकारी मापदंडावरचे आहेत, दुकानदाराच्या कोटेशनवरचे नाहीत. आणि आपल्याकडे खरा अडसर वेगळाच आहे. बहुतेक रान पाणीपुरवठा संस्थेच्या पाळीवर भिजते. पाळी दहा-बारा दिवसांनी येते आणि ठिबकाला पाणी जवळजवळ रोज लागते. पट्टीही एकरावर आकारली जाते, वापरलेल्या पाण्यावर नाही. मग पाणी वाचवणाऱ्याला मिळते काय? म्हणून ठिबकाचा अर्ज एकेकट्याने भरण्याआधी संस्थेच्या सभेत ठराव घ्या: एका वितरण लाइनवरचे सगळे सभासद एकाच वेळी ठिबकावर येतील, मुखाशी साठवण आणि फिल्टर सामाईक असेल आणि पट्टी पाण्याच्या मापावर येईल. हा ठराव नसेल तर ८० टक्के अनुदानाच्या नळ्या दोन वर्षांत बांधावर गुंडाळून पडतात. मी अशा गुंडाळ्या पुष्कळ पाहिल्या आहेत.

नैसर्गिक शेतीकडे वळणाऱ्यांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,४८१ कोटींचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. पन्नास हेक्टरांचे गट, असे १५,००० गट आणि गावाजवळ जैविक निविष्ठा मिळाव्यात म्हणून १०,००० केंद्रे, अशी त्याची मांडणी आहे. शेतकऱ्याला एकरी वर्षाला चार हजार रुपये, दोन वर्षे, एका एकरापर्यंत. चार हजारांत जीवामृताच्या पिंपांचा आणि कष्टांचा काही भाग निघेल, उत्पन्नातली तूट निघणार नाही. तुटीची सोय वेगळी हवी ती यासाठीच.

शेतकरी उत्पादक कंपनी काढण्याची घाई करू नका. २०२० च्या केंद्राच्या योजनेत प्रत्येक कंपनीला तीन वर्षांत व्यवस्थापनासाठी १८ लाखांपर्यंत आणि सभासदामागे दोन हजार या हिशेबाने १५ लाखांपर्यंत भागभांडवलाची जोड होती. दहा हजार कंपन्यांचे उद्दिष्ट फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरे झाले. म्हणजे तुमच्या जवळपास एखादी कंपनी बहुधा आहेच. तिचे सभासद व्हा, तिच्या नावाने राज्याच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पासारख्या ठिकाणी प्रस्ताव द्या. कंपनी चालवणे म्हणजे लेखापरीक्षण, जीएसटी, दरवर्षीची विवरणपत्रे. वीस जणांच्या पाचटाच्या प्रयोगाला कृषी खात्याच्या ‘आत्मा’ यंत्रणेकडे नोंदवलेला गट पुरेसा आहे.

खास प्रयोगासाठीचा पैसा म्हणजे नाबार्डचा फार्म सेक्टर प्रमोशन फंड. शेतीतल्या नव्या कल्पना आणि तंत्रप्रसार यांसाठीचे आधीचे दोन निधी एकत्र करून तो २०१४ मध्ये झाला. प्रस्ताव नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांकडे जातो, पण सहसा तो कृषी विज्ञान केंद्र, विद्यापीठ, स्वयंसेवी संस्था किंवा शेतकरी कंपनीमार्फत जावा लागतो. जिल्ह्यात कणेरीला आणि तळसंदेला कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि कोल्हापुरात राहुरी विद्यापीठाचे ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. त्यांच्याकडे ‘आम्हाला अनुदान द्या’ म्हणून जाऊ नका. ‘आमच्याकडे एका पट्ट्यात वीस प्लॉट आहेत, मोजमाप कसे ठेवायचे ते ठरवून द्या’ म्हणून जा. शास्त्रज्ञालाही खऱ्या रानातले वीस प्लॉट सहजी मिळत नाहीत. तुमच्या हातात देण्यासारखे काहीतरी आहे, हे विसरू नका.

कागल आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती लांब नाहीत. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि माती व पाण्याची गुणवत्ता राखणे त्या यादीत स्पष्ट लिहिलेले आहे. हा पैसा बिननोंदणीच्या गटाला थेट मिळत नाही. त्यासाठी नोंदलेला न्यास किंवा संस्था मध्ये लागते. १९५२ मध्ये डॉ. जे. पी. नाईक यांनी गारगोटीत मौनी विद्यापीठ उभे केले, ते शिक्षण आणि ग्रामविकास एका दावणीला बांधायच्या हेतूने. अशा परंपरेच्या गावात प्रस्तावाला हात देणारी शिक्षणसंस्था किंवा प्राध्यापक शोधायला फार चालावे लागू नये.

आता सापळ्याबद्दल, कारण बहुतेक गट इथेच पडतात. आपल्याकडचे बहुतेक अनुदान खर्चानंतर येते. महाडीबीटीवर अर्ज, निवड, कागदपत्रे, पूर्वसंमती, मग खरेदी, मग जीएसटीचे बिल, मग जागेवर तपासणी आणि शेवटी खात्यात पैसे. पूर्वसंमतीच्या तारखेआधीचे बिल धरले जात नाही. माझ्या ओळखीच्या एका गटाने हंगाम हुकू नये म्हणून आठ दिवस आधी यंत्र उचलले. मशीन चांगले होते, बिल खरे होते, तरी अर्ज बाद झाला आणि पुढची दोन वर्षे त्या गटात कोणी कोणाशी धड बोलले नाही. म्हणून दोन गोष्टी करा. सातबारा, आठ अ, आधारशी जोडलेले खाते आणि शेतकरी ओळख क्रमांक हे सगळ्यांचे आधीच तयार ठेवा. एकाचा फेरफार अडला तर वीस जण अडतात. आणि अनुदान येईपर्यंतच्या मधल्या काळाचा पैसा कोण देणार ते विकास संस्थेशी लेखी ठरवा. या मधल्या पैशाचे व्याज हाही प्रकल्पाचाच खर्च आहे, तो अंदाजपत्रकात दाखवा.

तुटीचा फंड कसा बांधायचा ते एका हिशेबाने सांगतो. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमचे तुम्ही घाला. वीस शेतकरी, प्रत्येकी दहा गुंठे नवी पद्धत आणि लगतचे दहा गुंठे जुनी. दहाच गुंठे का, तर एकरी चाळीस टनांच्या रानात दहा गुंठ्यांतून दहा टन, म्हणजे जवळपास एक ट्रॉली ऊस निघतो आणि तो काट्यावर वेगळा तोलता येतो. नव्या प्लॉटमध्ये चौथा हिस्सा घट आली तर अडीच टन गेले. टनाला तीन हजार धरले तर साडेसात हजार रुपये. वीसही जणांना अशीच घट आली, तर दीड लाख. सगळा प्रयोग असा फसला तरी प्रश्न दीड लाखाचा आहे. पाच एकरांवर नवी पद्धत तपासून पाहण्याची ही किंमत मला जास्त वाटत नाही. यातली एक तृतीयांश तूट ज्याची त्याने सोसावी, म्हणजे निष्काळजीपणा होणार नाही. राहिले एक लाख. प्रत्येकी दोन हजारांप्रमाणे गटाचे चाळीस हजार जमतात. उरलेल्या साठ हजारांसाठी कारखाना, विकास संस्था, दूध संस्था, पाणीपुरवठा संस्था यांच्या दारात जा. देणाऱ्याला एवढेच सांगा: घट आली नाही तर तुमचा पैसा पुढच्या वर्षी शेजारच्या गावाच्या फंडात जाईल. कोणतीही योजना ही तूट भरून देत नाही, पण ही तूट झाकलेली आहे हे दाखवले की बाकीच्या योजनांचे अर्ज भरणारे हात पुढे येतात.

कारखान्याकडे जाताना संकोच नको. बिद्रीच्या मौनीनगरातल्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचे सभासद तुम्हीच आहात आणि खोडवा सुधारला तर गाळपाला ऊस कारखान्यालाच वाढतो. खर्चात भागीदारीची मांडणी आता ऊसपट्ट्यात रुळते आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित ऊसशेतीचे प्रयोग केले आणि ते पसरवताना वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कारखाना आणि शेतकरी अशा तिघांत खर्च वाटण्याची आखणी पुढे आली. अशा नव्या तंत्रासाठी हे चालत असेल, तर पाचटासाठी का नाही?

युरोपात २०१४ नंतर शेतकरी, संशोधक आणि सल्लागार यांनी मिळून एक प्रश्न घ्यायचा आणि पैसा त्या एकत्र गटालाच द्यायचा, ही रीत मोठ्या प्रमाणात चालू झाली. इंग्लंडने २०२५ मध्ये ‘ॲडॉप्ट’ नावाचा निधी काढला. शेतकऱ्याच्या रानात शेतकऱ्यानेच चालवायच्या चाचण्यांसाठी तो आहे आणि त्यात अर्ज नीट लिहून घेण्यासाठी, मध्ये समन्वय करणाऱ्या माणसासाठी सुरुवातीलाच २,५०० पौंडांची वेगळी मदत ठेवली आहे. ही बाब मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे अर्ज, नोंदी, फोटो, बैठका हे सारे एखाद्या तरुण पोराच्या फुकटच्या उत्साहावर चालते आणि त्याला कोल्हापुरात नोकरी लागली की गट थंडावतो. त्याला महिन्याला ठरावीक मानधन द्या, ते अंदाजपत्रकात पहिल्या ओळीला लिहा. प्रस्ताव वाचणारा ‘हा खर्च कशाला’ म्हणेल. त्याला सांगा की या माणसाशिवाय बाकीच्या ओळी फक्त कागदावर राहतात.

नोंदी थोड्या ठेवा पण सगळ्यांनी सारख्या ठेवा. माती परीक्षण तोडीनंतर आणि खत देण्याआधी, दोन्ही प्लॉटचे, दरवर्षी त्याच सुमारास. पाण्याच्या पाळ्या किती, भांगलणीला बायका किती दिवस लागल्या, खताची पोती किती आणि काट्यावरचे वजन. ट्रॉली वेगळी तोलून मिळावी म्हणून तोडीआधीच कारखान्याच्या शेती विभागाला पत्र द्या, ऐन हंगामात टोळीवाल्याशी हुज्जत घालून ते होत नाही. डोंगरालगतचा प्लॉट शक्यतो घेऊ नका. गव्यांनी एका रात्रीत ऊस तुडवला तर वन खात्याकडून पंचनामा करून भरपाई मागता येते, पण तुमची तुलना त्या वर्षापुरती संपते आणि तुटीच्या फंडावरून वाद उभा राहतो. अशी तूट फंडात धरायची नाही, हे सुरुवातीलाच लिहा. महापुराचेही तसेच. २०१९ आणि २०२१ चे पाणी पाहिलेल्यांना याचे कारण सांगायला नको.

बैठक दिवाळीनंतर लगेच घ्या, तोडी जोर धरण्याच्या आत. पाचटाचा निर्णय तोडीच्या दिवशी काडी हातात असताना होत नाही. तालुका कृषी अधिकाऱ्यांचे कार्यालय गारगोटीतच आहे. तिथल्या माणसाला बैठकीला बोलवा, सगळ्यांनी तिकडे खेटे घालण्यापेक्षा ते बरे. आणि बैठकीला घरटी दोन माणसे हवीत. सातबारा पुरुषाच्या नावावर असला तरी भांगलण आणि पाचट आवरणे बायकांच्या हातचे आहे, पाचटाच्या कडा त्यांच्या पिंढऱ्यांना कापतात. तुटीच्या फंडाचे खाते गटातल्या दोन बायकांच्या संयुक्त सहीने उघडा. त्यांची भिशी किंवा बचत गट वर्षानुवर्षे चालत असेल, तर वही लिहिण्याची रीत तिथूनच घ्या: तारीख, नाव, आलेली रक्कम, गेलेली रक्कम, सही. वही दर महिन्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची.